पाण्याखालच्या चावडीचं मंडळ

माझी भाताची गिरणी आहे. दिवसभर भात भरडायचं म्हटलं की कोंडा साचतोच. संध्याकाळी कितीही झाडून घ्या, सकाळी कोपऱ्यात ढीग दिसतो. आमच्या मंडळाच्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी ते मुद्दाम कधी गोळा केले नाहीत. माणसं पोती घेऊन येतात, आपला नंबर लागेपर्यंत पायरीवर बसतात आणि बोलतात. मी ऐकतो. काहींवर पोट धरून हसतो. काही ऐकल्यावर मात्र पट्टा काढून, मशीन बंद करून घरी जावंसं वाटतं.

मंडळाचं नाव 'पाचवाडी एकी व विकास मंडळ'. मी चिटणीस. म्हणजे शिव्या खाणारा!

डिंभ्याच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमचं एक गाव फुटून पाच वाड्या झाल्या. तीन वाड्या अलीकडच्या काठाला, दोन पलीकडच्या. अलीकडे रस्ता आहे, मनात आलं तर येणारी एस्टी आहे, माझी गिरणी आहे. पलीकडे डोंगर आहे. माणसं तीच, देव तोच, आडनावंही तीच. एकमेकांच्या लग्नाला जातात, आग्रह करकरून जेवतात आणि हात धुता धुता भाजीला नावं ठेवतात. या लोकांची एकी करायची आणि सगळ्यांचा मिळून विकास करायचा, असं आम्ही ठरवलं होतं.

* * *

पहिला वाद झाला तो जागेवरून.

विकास कसला करायचा, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पण मीटिंग कुठं घ्यायची? एका वाडीचं नाव घेतलं की बाकीच्या चार उसळायच्या, "मंग ते मंडळ तुमचंच झालं, राव! आमी कशाला येऊ?"

मे महिना होता. पाणी पार तळाला गेलं होतं आणि जुनं गाव उघडं पडलं होतं. भेगाळलेल्या गाळात चावडीचं दगडी जोतं वर आलं होतं. आमचे अध्यक्ष सखाराम आबा तिकडे हात करून म्हणाले, "चावडी सगळ्यांची व्हती. मीटिंग चावडीवरच घ्यायची. पाची वाड्यांनी तिथं बसून केला, तरच तो ठराव. दुसरीकडं कुणी कितीबी बोललं तरी त्या गप्पा!"

टाळ्या पडल्या. बायकांनी पदरानं डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला बोलू? सगळ्यांनी त्या जोत्यावर हात ठेवून शब्द दिला.

पुढं पावसाळा लागला आणि आमचं ऑफिस बुडालं.

चाकणची एक कंपनी गावांना मदत करते असं ऐकलं, म्हणून मी तिथल्या साहेबांना फोन लावला. त्यांनी मंडळाची सगळी चौकशी केली आणि विचारलं, "ऑफिस कुठे आहे तुमचं?"

"हाय की साहेब. पण सध्या पाण्याखाली हाय."

"अरे बापरे! पूर आला का?"

"न्हाई, दरसालचंच हाय."

साहेब म्हणाले, "मग पत्रव्यवहार कुठल्या पत्त्यावर करायचा?"

आबा शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि पलीकडच्या काठाला हाक मारावी तसे ओरडले, "पाठवा, बिनधास्त पाठवा! मे महिन्यात उघडून वाचू!"

* * *

मंडळाचा फ्लेक्स करायचा होता. वर 'एकी व विकास' आणि खाली पाच वाड्यांची नावं. साधं काम!

पण पहिलं नाव कुणाचं? बबनराव आमच्यातले मोठे खातेदार आणि हरकतीचे कायमचे मालक. ते म्हणाले, "आमची वाडी आधी बसली, आमचं नाव आधी." दुसरे म्हणाले, "तुमी आधी पळाला, म्हनून आधी बसला!" झालं. दुपार त्यातच गेली.

शेवटी घोडेगावच्या फ्लेक्सवाल्यानं तोडगा काढला. म्हणाला, नावं गोलात लिहू, म्हणजे पहिलं नाही आणि शेवटचंही नाही. सगळे खूश. त्याच्या दुकानातल्या पोरानं कॉम्प्युटरवर मस्त गोल काढला, मधोमध 'एकी' लिहिलं, बाजूनं पाच नावं फिरवली.

फ्लेक्स आला आणि बबनरावांच्या लक्षात आलं की गोलालाही वरची बाजू असते. वर दुसऱ्याच वाडीचं नाव होतं. ते म्हणाले, "फिरवा." फिरवला. मग दुसऱ्यांनी फिरवला. मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी मी येऊन पाहतो तर फ्लेक्स बबनरावांच्या सोयीनं टांगलेला आणि मधली 'एकी' उलटी, पाय वर करून!

मी काढायला गेलो तेवढ्यात ठमाताई आली. पलीकडच्या काठाची, आमच्या कमिटीतली एकटी बाई. तिच्या तोंडाला सगळे वचकून असायचे, आबासुद्धा. तिनं मान वाकडी करून फ्लेक्स वाचला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "हाय तशीच लावलीय."

फ्लेक्स तसाच राहिला. पाहुण्यांनी त्याच्यापुढं उभं राहून फोटोही काढले.

* * *

मंडळानं एक काम मात्र खरोखर चांगलं केलं. पडकई पुन्हा सुरू केली.

डोंगरउतारावर भाताचं खाचर काढणं एकट्या घराच्या आवाक्यातलं काम नाही. म्हणून आमच्याकडे घरं मिळून ते करतात. आज याच्या उतारावर दगडाचा बांध घालायचा, उद्या त्याच्या. मजुरी नाही. ज्याचं शेत, त्याच्याकडं जेवण. हीच पडकई. मधल्या काळात ती जवळजवळ मोडली होती. आम्ही पाचही वाड्यांची एकत्र लावली, आणि काय सांगू, ज्यांची तोंडं एकमेकांकडं होत नव्हती ती माणसं एका ओळीत उभी राहून दगड हातोहात पुढं देत होती! दगड हातात असला की माणसाला भांडता येत नाही, एवढं मला तेव्हा कळलं.

ठमाताईच्या उतारावरची पाळी आली. ती पहाटेपासून चुलीपाशी होती आणि मग स्वतःही ओळीत येऊन उभी राहिली. जो तो तिच्याकडं बघून म्हणत होता, "ताई, लई सुधारल्या की!" तोंड भरलं होतं, हात भरले होते. बांगड्या रुतत होत्या.

"जन्मभर वाळून काटकी झाले व्हते," ठमाताई म्हणाली. "आता कुठं अंग धरलंय, तर नजर लावू नगा!"

सगळे हसले. जेवायच्या आधी तिनं एक दगड खाली ठेवला आणि तिला उठताच येईना. तिचा नवरा धोंडूभाऊ ओळीच्या टोकाला होता. हा माणूस इतका कमी बोलतो की मीटिंगमध्ये तो आलाय की नाही हे शेवटी चपला घालताना कळायचं. तो आला, तिच्यापुढं बसला आणि तिच्या पायावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी तिथं खळगा तसाच राहिला. तो त्या खळग्याकडं बघत बसला. ओळीतल्या लोकांचं हसणं एकेक करत थांबलं.

पुढं मंचरला कळलं, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी तिच्या सुजेचं कौतुक केलं होतं.

बांध मात्र त्या दिवशी पुरा झाला. आम्ही ठमाताईला झोपवलं, जेवलो आणि बांध पुरा केला. पडकई अर्धी सोडत नाहीत.

* * *

मग सुरू झालं डायलिसिस. आठवड्यातून दोनदा मंचरला. म्हणजे आधी पाणी ओलांडायचं, मग एस्टी किंवा जीप, मग दवाखाना, आणि परत हेच उलटं. धोंडूभाऊची मासेमारीची होडी होती. लाकडी, जुनी, बुडाशी पाणी झिरपणारी. तो वल्हवायचा आणि ठमाताई डबड्यानं आतलं पाणी बाहेर फेकायची. डॉक्टरांनी तिला विश्रांती सांगितली होती!

पाणी प्यायलाही बंदी होती. दिवसाला मोजकं, घोट घोट. एकदा मंचरहून परतताना ती माझ्या गिरणीच्या पायरीवर टेकली. समोर भरलेलं धरण. मी सवयीनं तांब्या पुढं केला आणि जीभ चावली.

ती हसली. म्हणाली, "बघा राव, काय न्याय हाय. या पान्यानं आमचं घर पिलं, देव पिला, चिंचा पिल्या. आन् आता मला म्हंत्यात, तू पानी पिऊ नगंस!"

मी हसलो. ती उठून होडीकडं गेल्यावर मला रडू आलं. गिऱ्हाईकासमोर रडलो, लाज सोडून. एवढ्या चांगल्या बाईची अशी परवड होताना दुसरं काय करणार?

पाऊस साधा असेल तर धोंडूभाऊ होडी काढायचा. पण आषाढात आमच्या पाण्यावर वारं सुटतं तेव्हा लाटा उठतात. त्या वाऱ्यात छोटी होडी घालायची म्हणजे जीव द्यायचा. डोंगराला वळसा घालून एक रस्ता आहे, तो दरड आली की बंद. त्या पहिल्या पावसाळ्यात दोन वेळा तिचं डायलिसिस चुकलं. दोन्ही वेळा ती कशीबशी निभावली.

म्हणून मंडळानं बोट मागायची ठरवलं. इंजिनाची, वर टप असलेली, वाऱ्याला न जुमानणारी. पाच वाड्यांची मिळून एक बोट. शाळेची पोरं जातील, बाजार होईल, आणि ठमाताई जगेल. शेवटचं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

* * *

कंपनीचे साहेब स्वतः पाहणीला यायला तयार झाले. मीटिंग ठरली. अर्थात चावडीवर, अर्थात मे महिन्यात.

साहेबांना आम्ही गाळातून चालवत जोत्यावर आणलं. उन्हानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी रुमालानं घाम पुसला, चारी बाजूंना पाहिलं. एका बाजूला भेगाळलेली जमीन, दुसऱ्या बाजूला कुणीतरी गाळात लावलेल्या काकड्या.

"बोट हवी आहे ना तुम्हाला?" साहेब म्हणाले. "पण पाणी कुठे आहे?"

आबा म्हणाले, "आत्ता तुमी पान्यातच उभे हाय, साहेब. तुमच्या डोक्याच्या वर, लई वर!"

"मग मला पावसाळ्यात बोलवायचं!"

"तवा मीटिंग न्हाई होत. चावडी बुडती."

साहेबांनी आमच्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पाणी असलं की आम्हाला बोट लागते, आणि पाणी असलं की आम्हाला बोटीचं ठरवता येत नाही. ठरवता येतं तेव्हा आम्ही पायी चालत असतो. ही गोष्ट आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात तोवर आली नव्हती!

पण माणूस भला. म्हणाले, "बोट देतो. मला फक्त पाचही वाड्यांचा एक ठराव द्या, आणि बोट कुठल्या काठाला राहील तेवढं लिहा. तिथे आम्ही धक्का बांधून देऊ."

बोट कुठल्या काठाला राहील! साहेब निघून गेले आणि आम्ही भांडत सुटलो.

मी म्हणालो, ठमाताईच्या वाडीला बांधू, गरज तिला आहे. बबनराव म्हणाले, "आजारी एका घरात आन् बोट पाच वाड्यांची. ह्ये कसं काय?" कुणी म्हणालं, पाळी लावा. मग पावसाळ्याचे महिने कुणाला? उन्हाळ्याचे कुणाला? उन्हाळ्यातली बोट घेऊन काय काकड्या वाहायच्या? आरडाओरडा झाला. एकानं दुसऱ्याचं उपरणं ओढलं.

तेव्हा एकाला सुचलं, "मधोमध नांगर टाकून ठेवू! पाची काठांना सारखीच लांब!"

वाहवा झाली. मला वाटलं, थट्टा चाललीय. पण नाही, माना डोलायला लागल्या. आबासुद्धा विचारात पडले.

मी विचारलं, "आणि बोटीपर्यंत जायचं कसं?"

तो शांतपणे म्हणाला, "होडीनं."

ठमाताई जोत्याच्या सावलीला बसली होती. तो तिचा मंचरचा दिवस नव्हता, म्हणून ती येऊ शकली होती. ती म्हणाली, "काय बी ठरवा, पर मी हाय तंवर ठरवा."

"ताई, तुमाला काय व्हतंय?" सगळे एका सुरात म्हणाले. एकमत झालं ते एवढ्यावरच.

पुढची मीटिंग लगेच घ्यायची होती. पण लग्नसराई होती. मग भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता, मग पेरण्या. मग चावडी बुडाली.

* * *

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, खड्ड्यात गेली चावडी, माझ्या गिरणीत मीटिंग घेतो.

निरोप पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपवर मंडळाचा ग्रुप होता, त्यात लिहिलं. ग्रुपमध्ये उत्तरादाखल कुणी हात जोडले, कुणी फूल टाकलं, कुणी सकाळचा सुविचार टाकला. येणार की नाही, हे एकानंही लिहिलं नाही.

त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की गिरणीचे पत्रे फुटतील असं वाटत होतं. दोन वाड्यांची माणसं आली. आबा आले, भिजून चिंब, आणि पोत्यावर बसून म्हणाले, "मी आलोय तो भात भरडायला आलोय. मीटिंगला न्हाई." हातात पिशवीसुद्धा नव्हती!

मी म्हणालो, "आबा, शब्द तुमीच दिलेला, तुमीच मोडा की. माणूस मरतंय."

आबा खाली मान घालून म्हणाले, "चावडीवर हात ठिवून दिलाय रं. बुडाल्या गावाचं तेवढंच उरलंय आपल्याकडं. त्ये बी मोडलं, तर कुठल्या गावचं म्हनायचं आपुन?"

मला राग आला. मी उठून मशीनचा पट्टा उगाच ओढून बघितला.

तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खोकलं. पाहतो तर बबनराव! डोक्यावर इरलं घेऊन भर पावसात उभे.

"आत या की, राव!"

"न्हाई. आत आलो तर हजर धरशीला."

"मग आलात कशाला?"

"काय ठरवताय त्ये ऐकायला."

आम्ही आत बोलत राहिलो आणि बबनराव बाहेरून हरकती घेत राहिले. पावसाच्या आवाजात त्यांना नीट ऐकू जाईना, म्हणून ते मधूनच ओरडायचे, "मोठ्यानं बोला! हरकत घ्यायचीय मला!" शेवटी माझ्या बायकोनं त्यांना खिडकीतून चहा दिला. तो त्यांनी बाहेर उभ्यानं प्यायला. कपात पाऊस पडत होता.

ठराव काही झाला नाही. दोन वाड्या आत, एक दारात, दोन पाण्यापलीकडे.

* * *

त्यानंतर वारं सुटलं, ते थांबेचना.

पलीकडून फोन लागत नव्हता. अलीकडच्या काठावरून आम्ही ठमाताईचं घर बघायचो. धूर दिसला की म्हणायचो, बरं आहे. तिचा मंचरचा एक दिवस गेला. धोंडूभाऊ त्या दिवशी होडी घेऊन निघाल्याचं आम्ही पाहिलं. ठमाताईला आत बसवून तो थोडा पुढं आला, होडी आडवी झाली आणि लाटांनी त्याला परत काठाला नेऊन टाकलं. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. अलीकडच्या काठावर आम्ही गोळा होऊन नुसते हात हलवत होतो. कशाला हलवत होतो कुणास ठाऊक.

मंचरचा दुसरा दिवसही गेला. वारं जरा पडलं तेव्हा तिच्या वाडीच्या लोकांनी तिला झोळीत घातलं आणि रस्त्यावर आलेल्या दरडीवरून चालत डोंगराला वळसा घालून जीपपर्यंत आणलं. मी जीपपाशी पोहोचलो होतो. तिला श्वास पुरत नव्हता. तरी मला बघून म्हणाली, "मीटिंग झाली का?"

मी म्हणालो, "झाली, ताई."

"खोटं," ती म्हणाली.

मंचरला पोहोचली ती. दवाखान्यात सगळ्यांनी धावपळ केली, पण उशीर झाला होता. दुपारी गेली.

मला राग आला. अजून येतो. पाण्याचा येत नाही, वाऱ्याचाही येत नाही. पाच वाड्यांचा येतो, आणि मग गिरणी चालू करून मी त्या पाचही वाड्यांचं भात भरडतो.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एस्टीच्या थांब्याजवळ काठावर आणलं. आता पाणी कसं गप्प होतं! एक लाट नाही. असं मऊ ऊन पडलं होतं की माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तिला पलीकडं न्यायचं होतं. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता, पण पाचही वाड्यांच्या होड्या आल्या. झाडून सगळ्या. दोन होड्या दोरानं एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि तिला त्यावर ठेवलं. धोंडूभाऊ तिच्या पायाशी बसला. आबा आणि मी त्याच होडीत. बबनराव त्यांच्या होडीतून शेजारी. बाकीच्या मागं-पुढं.

आमच्यात तिरडी नेताना वाटेत एकदा खाली टेकवतात. तो विसावा. खांदे बदलायचे, क्षणभर थांबायचं आणि पुढं निघायचं. जुन्या गावात विसावा चावडीपुढं असायचा. पाणी आलं तरी तो बदललेला नाही. मेलेलं माणूस पाण्यावरून न्यायचं झालं, तर होड्या तिथंच थांबतात. समोरचा सुळका आणि मागच्या काठावरचं सावरीचं झाड एका रेषेत आलं की खाली चावडी, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

रेष जुळली. वल्ही थांबली. होड्या एकमेकींना टेकल्या. नुसतं पाणी लाकडावर वाजत होतं.

आबा उभे राहिले. होडी हलली, तसा मी त्यांचा हात धरला.

"पाची वाड्या हायेत," आबा म्हणाले. "खाली चावडी हाय. म्या ठराव मांडतो. बोट घ्यायची. हाय का कुनाची हरकत?"

बबनरावांनी हात वर केला. माझ्या मुठी वळल्या. देवाशप्पथ सांगतो, तो माणूस हरकत घेता तर मी त्याला तिथंच पाण्यात ढकलला असता.

बबनराव रडत होते. म्हणाले, "बोट ठमाताईच्या काठाला बांधायची. आमची हरकत न्हाई."

मग एकेक हात वर होत गेला. पुढच्या होडीत, मागच्या होडीत, सगळ्या होड्यांत. एकही हात खाली राहिला नाही. मंडळ झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

आबा वळले. "धोंडू," ते म्हणाले, "तुझ्या दाराशी बांधू बाबा बोट. तू काय म्हंतोस?"

धोंडूभाऊ तिच्या पायावरची चादर सारखी करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"दुसऱ्या कुनाच्या बी दाराशी बांधा," तो म्हणाला. "आमच्यात आता आजारी कुनी न्हाई."

आणि त्यानं वल्हं पाण्यात घातलं.